खांदेपालट

वेल्ह्याहून केळदला जाणारा रस्ता पासलीत शिरतो, तिथे गाडीतून उतरा. सॅक गाडीतच राहू द्या, पुढे तिचा उपयोग नाही. मोबाइलचा तर त्याहून नाही. इथून तुम्ही साडेतीनशे वर्षांहून जास्त मागे जाणार आहात आणि या प्रवासाला तिकीट नाही. भाडं खांद्याने भरायचं आहे. ज्या काळात उतराल तिथे माणसं काहीतरी उचलून निघालेली असतील, त्यांना एक खांदा कमी पडत असेल आणि तो तुम्ही द्यायचा. बघ्याची जागा कुठेच मिळणार नाही. तुमचं नाव कुणी विचारणार नाही, कारण शेजारच्या खांद्याचंही नाव पुढे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

एवढं कबूल असेल तर डांबर सोडा आणि बांधावर या.

जून १६५९ : नाचणीची गोण

बांध ओलांडलात की तांबड्या मातीची पायवाट सुरू होते. तोरणा मात्र जिथल्या तिथे. खांद्यावर एकदम ओझं येतं आणि तुम्ही गुडघ्यात वाकता. नाचणीची गोण आहे. पावसाआधी गडाची बेगमी करावी लागते: धान्य, सरपण, वैरण. एकदा पावसानं वाटा गिळल्या की गडावर जे असेल त्यावरच चार महिने भागवायचं. मृगाच्या सरी पडून गेल्यात, म्हणून सगळ्यांची घाई चालली आहे. तुम्हीही घाई करायला जाता. मागून एक म्हातारा म्हणतो, "पाव्हणं, दमानं. पयल्या चढाला जो पळतो, तो दुसऱ्या चढाला बसतो. मग त्याची गोण आमालाच उचलावी लागती."

विसाव्याला गोणी उतरतात आणि बोलणं निघतं. अफजलखान चालून आलाय. मावळातल्या देशमुखांना पातशाही फर्मानं सुटली आहेत: शिवाजीची साथ सोडा, खानाला येऊन मिळा. असंच एक फर्मान, १६ जून १६५९ या तारखेचं, रोहिड खोऱ्यातल्या कारीच्या कान्होजी नाईक जेध्यांच्या नावाने निघालं आहे. त्याच खोऱ्यातले उत्रौळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले.

खोपड्यांना नावं ठेवण्याआधी आजूबाजूला नीट बघा. तुम्ही उभे आहात ते कानद खोरं. इथली देशमुखी मरळांची. झुंजारराव हा त्यांचा किताब. पलीकडे गुंजण मावळात शिळीमकर, हिरडस मावळात बांदल, मोसे खोऱ्यात पासलकर. प्रत्येक खोऱ्याला डोंगराची भिंत आणि प्रत्येक देशमुखाला वतन जिवापलीकडचं. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. सणाला पहिला मान कुणाचा, गावकीत शब्द कुणाचा, पोरीला कुठल्या घरचं स्थळ येणार, हे सगळं त्यात आलं. त्यापायी इथे भावकीत तलवारी चालल्यात. जेधे आणि बांदल यांचं तर जुनं हाडवैर. अशा माणसांना 'एकत्र या' म्हणणं सोपं होतं. पण एकत्र येताना प्रत्येकानं काहीतरी घरी ठेवून यायचं होतं आणि ते पहिल्यांदा कोण ठेवणार, हा प्रश्न होता.

म्हातारा तंबाखू नसलेल्या तोंडाने नुसतंच काडी चघळत सांगतो, "कारीच्या नाईकांनी पाणी सोडलं म्हणं." कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले. खानाकडे गेला नाहीत तर वतन जाईल, जिवावरही बेतेल, हे महाराजांनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं. कान्होजींनी हातावर पाणी घेतलं आणि वतनावर सोडलं.

विसाव्यावर थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग एकेक जण उठतो आणि आपली गोण खांद्यावर घेतो. पुढच्या महिन्यांत कान्होजींनीच मावळच्या देशमुखांना गोळा केलं. ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं त्यानेच आधी हात मोकळा केला, तेव्हा बाकीच्यांना कारणं सांगायला जागा उरली नाही. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली काय झालं ते तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. त्याची सुरुवात या ओंजळभर पाण्यात आहे.

१२ जुलै १६६० : पालखीची दांडी

आता तुम्ही मावळात नाही. पन्हाळा. सिद्दी जौहरचा वेढा पडून महिने झालेत. रात्र आषाढी पौर्णिमेची, पण चंद्राचा पत्ता नाही. पाऊस असा की शेजारच्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. राजदिंडीची वाट उतरताना तुमच्या खांद्यावर पालखीची दांडी येते. आत कोण बसलंय ते विचारू नका.

भोयाचं काम लांबून सोपं वाटतं. जोडीतले दोघे एका उंचीचे लागतात. चढाला ठेंगणे पुढे, उंच मागे; उताराला उलट. पाऊल आखूड, गुडघे सैल, मान ताठ. पुढच्याला वाट दिसते, मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून पुढचा तोंडाने वाट सांगत जातो: खड्डा, धोंडा, निसरडं. आज रात्री तोंड उघडायची बंदी आहे. पुढचा माणूस खांद्याला झटका देऊन सांगतो आणि मागच्याने तेवढ्यावर विसंबून पाऊल टाकायचं. डोळे दुसऱ्याचे, पाय आपले. या विसंबण्याची सवय एका रात्रीत होत नाही; ती वर्षानुवर्षं एकाच दांडीखाली चालून होते.

म्हसाईच्या पठारावर चिखल पोटऱ्यांपर्यंत येतो. तुमचा खांदा बधिर होतो. तेवढ्यात आतल्या अंगाने कुणीतरी दांडीखाली शिरतो, खांदा लावतो, तुमच्या दंडावर दोन बोटं दाबतो. याचा अर्थ: सुट. तुम्ही बाजूला होता आणि पालखीला हेलकावाही बसत नाही. कुणी कुणाला 'दमलास का' विचारलं नाही. दमण्याआधीच बदललं तर वेग राहतो, दमल्यावर बदललं तर पालखी थांबते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मागे दुसऱ्या वाटेने आणखी एक पालखी निघाली आहे. तिच्यात शिवा काशीद बसलाय, नेबापूरचा नाभिक. महाराजांसारखा दिसतो म्हणून महाराजांच्या वेषात. पकडलं जाण्यासाठीच ती पालखी निघाली आणि पकडली गेली. शिवा काशीदचं नाव इतिहासाने ठेवलं हे बरंच झालं. पण ती पालखी आपोआप चालत गेली नव्हती. तिलाही दांडी होती आणि दांडीखाली खांदे होते. आज शेजारच्या दांडीखाली तुम्ही आहात म्हणून तुम्हाला ते आठवावेत.

दुसऱ्या दिवशी, सिद्दी मसूदची फौज पाठीवर असताना, गजापूरची घोडखिंड येते. बरोबर हिरडस मावळातले बांदलांचे सुमारे सहाशे लोक आहेत. बाजीप्रभू देशपांडे भोरजवळच्या शिंदचे, एके काळी याच बांदलांच्या पदरी महाराजांच्या विरोधात उभे राहिलेले. ते खिंडीत थांबायचं ठरवतात. निम्मे लोक त्यांच्याबरोबर राहतात, निम्मे पालखीबरोबर पुढे जातात.

तुम्ही भोई आहात. तुमच्या वाट्याला थांबणं नाही, पळणं आलंय. मागे ज्यांच्याबरोबर रात्रभर चिखल तुडवला ते लोक वाट अडवून उभे आहेत आणि तुम्हाला मान वळवायचीसुद्धा मुभा नाही. कारण वेग कमी झाला तर त्यांचं तिथे उभं राहणं फुकट जाईल. पालखीत बसलेल्या माणसाला तर त्याहून अवघड काम आलंय: आपल्यासाठी दुसऱ्यांनी मरायचं ठरवलं, ते मान्य करून पुढे जाणं. विशाळगडाच्या पायथ्याशीही सुर्वे आणि दळवींचा वेढा आहे. तो फोडून वर जावं लागतं. मग गडावरून तोफेचा आवाज होतो: पालखी पोचली. खिंडीत बाजी, त्यांचे भाऊ फुलाजी आणि बांदलांचे शेकडो लोक पडले.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. दरबारात तलवारीचं पहिलं पान जेध्यांचं होतं. घोडखिंडीतल्या या झुंजीनंतर तो मान बांदलांकडे गेला, असं परंपरा सांगते. ज्या बांदलांशी पिढ्यान्पिढ्यांचं वैर, त्यांना आपला मान द्यायचा. जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं त्याचं कौतुक होतं. मानावरही सोडलं, याचं जास्त व्हायला हवं. वतन संकटात सुटतं, तेव्हा सगळेच काही ना काही सोडत असतात. मान विजयानंतर सोडायचा असतो, चारचौघांसमोर, कसलीही घाई नसताना.

फेब्रुवारी १६७० : पासलीची शीव

पुन्हा पासली. माघाची थंडी उतरणीला लागलीय. भातखाचरं कोरडी पडलीत, नुसती धसकटं उभी आहेत. काटेसावरीला लाल फुलं आलीत आणि पान एकही नाही. गावातले गडी राबासाठी कवळ तोडत आहेत. कोयत्यांचा आवाज रानातून येतोय.

मग तो थांबतो.

वेल्ह्याच्या बाजूने एक पोरगा पळत आलाय. सिंहगड घेतला. सुभेदार पडले. पालखी येतीय.

४ फेब्रुवारीच्या रात्री, माघ वद्य नवमीला, तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगडावर छापा घातला. गडाचा किल्लेदार उदेभान राठोड आणि तानाजी दोघेही पडले. गड घेतला तो तानाजी पडल्यानंतर, उरलेल्यांना गोळा करून त्यांचा भाऊ सूर्याजीने. पोराचं लग्न बाजूला ठेवून सुभेदार निघाले होते, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. आता त्यांना त्यांच्या गावी, कोकणात पोलादपूरजवळच्या उमरठ्याला न्यायचंय. मावळ आणि कोकणातली माणसं पिढ्यान्पिढ्या सांगत आलीत की ही वाट राजगडाच्या अंगाने वेल्हे, पासली, केळद अशी गेली आणि केळदवरून घाट उतरून कोकणात कर्णवडीकडे. त्या घाटाला मढे घाट नाव पडलं ते तेव्हापासून.

पासलीत कुणी हुकूम सोडत नाही. तरी बायका वाटेच्या कडेला पाण्याचे घडे आणून ठेवतात. एका अंगणात चुलीवर मोठं भांडं चढतं: हुलग्याचं माडगं. दोघी तिघी भाकऱ्या थापायला बसतात, कुणाच्या घरचं पीठ ते बघत नाहीत. पोरं चुडी बांधतात, कारण केळदकडची खिंड चढेपर्यंत अंधार होणार. एक म्हातारी गरम पाणी आणि तेलाची वाटी घेऊन बसलीय. तेल कशाला, ते थोड्या वेळाने कळतं.

पालखी दिसते तेव्हा आवाज नसतो, फक्त पावलं. खांदेकरी तुमच्याजवळून जातात आणि तुम्हाला त्यांचे खांदे दिसतात. कातडं सोलवटलेलं, घडी घालून ठेवलेलं घोंगडं रक्ताने चिकटलेलं. तेल त्यासाठी.

वेल्ह्याकडच्या लोकांनी पालखी गावच्या शिवेपर्यंत आणून पोचवायची, तिथून पासलीने घ्यायची आणि खिंडीपर्यंत न्यायची, पुढे केळदकरांनी. विसाव्याला पालखी टेकते. मर्तिकात विसाव्याला करतात तसं पुढचे मागे, मागचे पुढे होतात आणि दमलेले बाजूला सरतात. नवे खांदे येतात. तुम्ही त्यातले एक.

फक्त एक जण दांडी सोडत नाही.

पोरगेलासा आहे, विशीतला. सिंहगडापासून तोच खांदा, तीच बाजू. वाटेत सगळे बदलले, हा नाही. गळ्याजवळचं हाड सुजून वर आलंय. दांडी उचलताना त्याचा गुडघा लटपटतो आणि पालखी कलते. तुम्ही हात घालून सावरता. तो तुमच्याकडे रागाने बघतो, जणू तुम्ही त्याचं काही हिसकावून घेताय.

गावचा एक वडीलधारा पुढे येतो. पोराच्या पाठीवर हात ठेवतो.

"कोण लागतं तुजं?"

"सुभेदार."

"सगळ्यांचंच लागत्यात. तू एकट्यानं न्यायलास तर त्यास्नी खाली ठिवशील. दे त्या पाव्हण्याला."

पोरगा दांडीखालून निघतो. बाजूला जाऊन बसतो आणि मग रडतो, इतका वेळ रडला नव्हता. म्हातारी त्याच्या खांद्याला तेल लावते. माडग्याची वाटी पुढे करते. तो नको म्हणतो. "पी," ती म्हणते, "खिंडीच्या पल्याड परत घ्यायचाय तुला."

दांडी आता तुमच्या खांद्यावर आहे. चढ सुरू होतो. तुम्हाला कळतं की ओझं घ्यायला जसं बळ लागतं तसं वेळेवर सोडायलाही लागतं, आणि दुसरं जास्त. आपल्या घरांत, कचेऱ्यांत, मंडळांत सगळं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेणाऱ्याला आपण कष्टाळू म्हणतो, त्यागी म्हणतो. कित्येकदा तो तसा असतोही. पण तो कुणाला दांडीखाली येऊ देत नाही, आणि तो कोसळतो तेव्हा पालखी सगळ्यांचीच कलते. दुसऱ्याचा विचार आधी करायचा म्हणजे कधी कधी दुसऱ्याला खांदा लावू द्यायचा.

खिंडीत केळदचे लोक चुडी पेटवून उभे आहेत. त्यांच्याकडे दांडी देऊन तुम्ही मोकळे होता. उमरठ्याचं शेवटचं दर्शन तुमच्या नशिबी नाही, घाट उतरणंही नाही. तुमचं काम शिवेपासून खिंडीपर्यंतचं. अंधारात उतरून गावात याल तेव्हा ज्यांची माणसं अजून परतली नाहीत त्यांच्या वाट्याचा कवळ उद्या कुणी तोडायचा, याची बोलणी चाललेली असतील. माणूस गेला तरी राब वेळेवर भाजावा लागतो.

११ जुलै १९६१ : वाळूचं पोतं

डोंगर ओलांडून उत्तरेला या. तालुका तोच, खोरं दुसरं. आंबी नदीवर पानशेतचं धरण बांधलं जातंय. मातीचं धरण, कामं अपुरी; पाणी सोडायच्या नळाच्या दरवाजांचं कामही पुरं झालेलं नाही. तरीही या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. आता नळावरचा भराव खचतोय, धरणाचा माथा बसत चाललाय आणि मागे पाणी वाढतंय.

रात्र आहे, पाऊस कोसळतोय. तुमच्या खांद्यावर वाळूचं भिजलेलं तागाचं पोतं येतं. लष्कराचे जवान रांग करून उभे आहेत आणि पोती हातोहात पुढे जात आहेत. कोण कुठल्या प्रांताचा, बोलण्यावरून एवढंच कळतं की मराठी थोडेच आहेत. पोतं घ्यायचं, वळायचं, द्यायचं. रांगेचा वेग सगळ्यात हळू हातावर ठरतो. म्हणून हाताला वेग असलेला जवान हळूच जागा बदलतो आणि दमलेल्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो, म्हणजे त्याला कमी वळावं लागेल. असल्या गोष्टींची नोंद कुठल्या अहवालात होत नाही.

एवढं करून धरण वाचलं नाही. १२ जुलैच्या सकाळी ते फुटलं. लोंढ्याने खाली खडकवासल्याचं जुनं धरणही फोडलं आणि पाणी पुण्यात शिरलं. नारायण, शनिवार पेठांतले वाडे कोसळले. कुटुंबंच्या कुटुंबं रस्त्यावर आली. पुढे त्यांच्यासाठी पुण्यात पूरग्रस्तांच्या वसाहती वसल्या.

मग त्या पोत्यांचा उपयोग काय झाला? हिशेब असा: भराव रात्रीच सुटला असता तर पाणी झोपलेल्या पुण्यावर आलं असतं. जवानांनी धरण सकाळपर्यंत लांबवलं. पाणी आलं ते उजेडात, लोक जागे असताना, गच्च्यांवर आणि टेकड्यांवर पळता येईल अशा वेळी. रात्रभर माणसांनी पोती दिली आणि ज्यांचे चेहरे ते कधी पाहणार नव्हते त्यांना काही तास मिळाले. बाजीप्रभूंनी खिंडीत मिळवले तेही तासच होते. तारीख पुन्हा १२ जुलै आली हा निव्वळ योगायोग आहे, त्याला अर्थ चिकटवायला नको. पण दोन्ही ठिकाणी काम एकच होतं: हरणार हे माहीत असलेली जागा दुसऱ्यासाठी जितका वेळ धरता येईल तितका वेळ धरायची.

आणखी एक गोष्ट इथे पाहून घ्या, नाही तर हा लेख खोटा ठरेल. आंबी आणि मोसे खोऱ्यांतली जी गावं पानशेत आणि वरसगावच्या पाण्याखाली गेली, त्यांच्या त्यागाचं कौतुक पुण्यातल्या भाषणांत ऐकू येतं. त्यागाला 'हो' म्हणणारा माणूस लागतो. कान्होजींनी पाणी स्वतःच्या हाताने सोडलं होतं; या गावांवर ते दुसऱ्यांनी सोडलं. ज्याला विचारलंच नाही त्याला त्यागी म्हणणं ही त्याची थोरवी नव्हे, आपली सोय आहे. पुण्यात नळ उघडताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आजचा आषाढ : रोपांची पेंढी

शेवटचा थांबा आजचा आहे. पासलीत पाऊस लागलाय, खाचरं तुडुंब भरलीत, चिखलणी झालीय. राबातली रोपं उपटून पेंढ्या बांधून ठेवल्यात. पाठीवर पूर्वी इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद असतो. वाकलेल्या पाठी त्याच.

लावणीला वेळ थोडा मिळतो. रोप जून झालं तर उतारा घटतो, खाचरातलं पाणी पळालं तर चिखल आवळतो. एकट्या घराला हे झेपत नाही, कधीच झेपत नव्हतं. म्हणून आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. फेडाफेडीने करायचं ती सावड. मालकाने जेवण घालायचं आणि गावाने येऊन काम उरकून द्यायचं ती इर्जिक. यातला पहिला नियम शहाणपणाचा आहे: ज्याचं पाणी आधी पळतं त्याचं खाचर आधी. ओळख, भावकी, मोठेपणा नंतर. दुसरा नियम त्याहून जुना: ज्या घरात कर्ता गडी नाही, त्या घरची लावणी फेडीच्या हिशेबात धरायची नाही.

हे सगळं जसंच्या तसं टिकलंय असं समजू नका. तरणी पोरं पुण्यात कंपन्यांत आणि मुंबईत कामाला आहेत. लावणीला रजा मिळाली तर येतात, नाही तर पैसे पाठवतात. मजूर मिळत नाही म्हणून काही खाचरं पड राहतात. पैशाने मजूर आणता येतो. सावडीला शेजारी लागतो आणि शेजाऱ्याच्या घराला कुलूप आहे. सह्याद्रीतल्या ज्या वाड्यांपर्यंत अजून गाडी जात नाही, तिथे आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. झोळीच्या बांबूला दोन खांदे लागतात आणि बदलीला आणखी चार तरी. वाडीत म्हातारीच माणसं उरली तर ते सहा खांदे कुठून आणायचे, हा प्रश्न रस्त्याच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. रस्ते व्हायलाच हवेत. खांद्यांचं कौतुक करून सरकारला सूट देण्यात अर्थ नाही.

तरीही ज्या खाचरात आज लावणी चालली आहे तिथे बघा. दहा जणी एका रांगेत मागे मागे सरकताहेत. मधली एक वयस्कर बाई मागे पडतेय. तिच्या दोन्ही अंगांच्या बाया काही न बोलता आपापली ओळ थोडी रुंद करतात, तिची अरुंद होते आणि रांग पुन्हा सरळ होते. तिला ते कळलंय. तिनेही तरुणपणी कुणासाठी तरी ओळ रुंद केली असेल, म्हणून ती संकोचत नाही.

पाच काळांतून आलात. गोण, पालखी, पोतं, पेंढी, ओझी बदलली. पण ती पुढे गेली ती एकाच रीतीने. दुसरा दमायच्या आत खांदा लावायचा, आपली वेळ झाली की मुकाट्याने सोडायचा आणि मान वाटायची वेळ आली की एक पाऊल मागे राहायचं. संघभावनेवर कितीही व्याख्यानं ऐका, याहून जास्त काही त्यात नसतं. यातलं तिसरं आपल्याला सगळ्यात कमी जमतं.

आता एक विनंती. आषाढात मढे घाटाचा धबधबा पाहायला पुण्याहून शेकडो गाड्या या रस्त्याने जातात. तुमचीही जाईल. वाटेत लावणी दिसली तर कुणाचा बांध न मोडता गाडी कडेला लावा आणि खाचराच्या मालकाला विचारा, "दोन तास हाताशी येऊ का?" रोप लावायला सराव लागतो, ते तुम्हाला कुणी देणार नाही आणि देऊही नये. राबापासून खाचरापर्यंत पेंढ्या वाहून न्यायला मात्र सराव लागत नाही, माणूस लागतो. फोटो काढायचा असेल तर विचारून आणि काम झाल्यावर. दुपारी जेवायला बोलावलं तर अवघडू नका, सगळ्यांबरोबर बसा. इर्जिकीला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय पाठवत नाहीत.